आता तू दे

दवाखान्यातले संगणक सांभाळणारा चष्म्या भरदुपारी तिथल्या शेवटच्या खोलीत शिरला तेव्हा त्याच्यासमोर तसं साधंच काम होतं. श्वास मोजणारं नवं कार्ड खाटेमागच्या संगणकात बसवून झालं होतं. आता संगणकाला ते ओळखता आलं की संपलं. एरवी असलं काम त्याने चहा पीत पीत उरकलं असतं. पण आज बाहेर व्हरांड्यात स्ट्रेचरवर त्याची आई होती, आणि तिच्या छातीची घरघर दारातून आत ऐकू येत होती.

"स्क्रीन चालू झाली की लगेच आत घेते त्यांना," सिस्टर म्हणाल्या. "त्याआधी ही खाट देता येत नाही, आणि दुसरी रिकामी नाही. माझेही हात बांधलेत, बाबा."

त्या गेल्या. ओढलेल्या पडद्यांमुळे खोलीत मळकट उजेड होता. पंख्याची कुरकुर तेवढी चालू होती.

चष्म्याने कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला कार्डाची ओळख करून देणारा प्रोग्राम, घडवायचा हुकूम सोडला. उत्तर क्षणात आलं. हेडर फाइल सापडत नाही.

हे दुखणं नेहमीचंच. कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा, आणि त्याला नवा भाग जोडायचा तर त्याच गाभ्याची मापं लागतात. ती या हेडर फायलींत असतात. दुसऱ्याच्या मापाचा सदरा एक वेळ अंगात जाईल, पण दुसऱ्या कर्नलची हेडरं इथे चालत नाहीत. तयार कर्नल असता तर नेटवरून उतरवून घेता आली असती. हा मात्र मामांनी स्वतः घडवलेला.

मामा म्हणजे इथले जुने तंत्रज्ञ. चष्म्याला सगळं काम त्यांनीच शिकवलं. मानेला सदा बाम चोळलेला, आणि स्वतःच्या फायलींना साधी घरगुती नावं द्यायची सवय. दोघं मिळून काम करत तेव्हा एक जण टेबलाखाली शिरे आणि दुसरा मागेल ते हातात देई. मग मामा गुडघे धरून खाली वाकत आणि म्हणत, "चल, आता तू दे." शेवटी दम्याने ते खंगले आणि याच खोलीत, याच खाटेवर गेले. सख्खा मामा जावा तसा चष्म्या रडला होता.

त्याने पाहिलं तर हेडरांचा दुवा मामांच्या फोल्डरकडे जात होता. ते फोल्डर मामा गेल्यावर त्यानेच पुसलं होतं. म्हणून दुवा लाल दिसत होता, तुटलेला.

"मामा, आता कुठून आणू हो?" तो सवयीने पुटपुटला आणि पुन्हा हुकूम सोडला.

सापडत नाही. पण या वेळी दुसरीच फाइल.

म्हणजे पहिली सापडली होती. दुवा आता लाल नव्हता. पुसलेल्या फोल्डरात एकच फाइल होती, नुकतीच तयार झालेली. दुसरं कोणी संगणकात शिरलंय का, तेही त्याने तपासलं. तो एकटाच होता.

आणि बामाचा वास येत होता.

 त्याला उठून पळावं असं वाटलं. तेवढ्यात बाहेर आईला खोकल्याची उबळ आली, आणि तो खुर्चीला चिकटून राहिला. पुन्हा हुकूम. आणखी एक फाइल आली, पुढची सापडत नाही. पुन्हा. तो मागत गेला, कोणीतरी देत गेलं. दर वेळी उजव्या खांद्यावरून गार वारा येई. मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

शेवटी ड्रायव्हर तयार झाला. त्याने तो कर्नलला जोडला, स्क्रीन उजळली, आणि त्याला हायसं वाटलं.

मग स्क्रीनवर, हुकूम लिहायच्या चौकटीत, आपोआप अक्षरं उमटू लागली. त्याचे हात मांडीवर होते. मामांच्या फोल्डरातून काहीतरी घडवायला सुरुवात झाली होती, आणि ते एका ओळीवर अडलं.

'श्वास' सापडत नाही.

"मामा... नको..."

चाकं करकरली. सिस्टर आईला घेऊन आत येत होत्या.

"सिस्टर, थांबा... इथे नको."

"आता काय झालं? स्क्रीन लागलीये की."

"अरे, खाट तयार आहे म्हणून त्यांनीच सांगितलं," आई धापा टाकत म्हणाली. "कोण ते तुमचे... बामाचा वास येत होता बघ. म्हणाले, पोराचं सगळं देऊन झालं... आता माझं एकच राहिलंय..."

सिस्टरांनी तिला खाटेवर घेतलं. चष्म्याने ड्रायव्हर काढून टाकायचा हुकूम दिला. खाट जाऊ दे, आई व्हरांड्यात राहू दे, पण हे नको.

काढता येत नाही. वापरात आहे.

स्क्रीनवर श्वासाची रेघ संथ वरखाली होत होती. आईच्या छातीला लावायच्या तारा अजून सिस्टरांच्या हातातच होत्या.

"आई, श्वास सोडा," सिस्टर म्हणाल्या. "सोडा ना... असा धरून का ठेवलाय?"

आई चष्म्याकडे बघत नव्हती. तिचा उजवा हात खाटेच्या पलीकडे, कोणाच्या तरी हातात काही द्यावं तसा, पुढे झालेला होता.