फुल्मारच्या कड्यावर

गवतात बसलेल्या पक्ष्याकडे तो कौतुकाने वाकला, आणि पक्ष्याने चोचीतून पिचकारी मारली — थेट तोंडावर! पिवळी, तेलकट, कुजक्या मासळीच्या वासाची.

मारसली खळखळून हसली. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच.

“हसतेस काय?” डोळे चोळत तो म्हणाला. जहाज फुटून हिर्टा बेटाला लागलेला हा आइसलँडचा खलाशी, स्टेन्थोर. पाच आठवड्यांत बेटाची भाषा मोडकीतोडकी बोलू लागला होता. “नाव काय या घाणेरड्याचं?”

“फुल्मार. इंग्रजही हेच म्हणतात. अर्थ मात्र कुणाला ठाऊक नाही.”

“मला आहे की! आमच्याकडे ‘फुल’ म्हणजे घाण वासाचा आणि ‘मार’ म्हणजे कुरव, समुद्रावरचा पांढरा पक्षी. आमच्याच कुण्या पूर्वजाने ठेवलंय — असंच तोंड पुसत!”

“म्हणजे आम्ही रोज शिवी शिजवून खातो?”

“खाता… आणि तरी तू इतकं गोड हसतेस.”

ती लाजली. मग तिची नजर कड्याच्या टोकाकडे गेली आणि हसू मावळलं. वडील तिथूनच पडले होते.

“सोमवारी आम्हा खलाशांना न्यायला बोट येतेय,” तो हळूच म्हणाला. “मी… राहू का?”

“इथे राहणाऱ्याला पक्ष्यांसाठी कड्यावरून उतरावं लागतं.”

“उतरेन.”

दुसऱ्या दिवशी तो खरंच उतरला. वर दोर धरून मारसलीचे काका, आणि मागे ती. दोर ताठ होता… मग एकाएकी ढिला पडला. काका हाका मारत राहिले. खालून फक्त लाटा. किती वेळ गेला कोण जाणे — दोराला हिसका बसला, आणि कमरेला चार पक्षी लटकावून तो हसत वर आला.

“कपारीत उभा राहून पक्षी धरत होतो. आता तरी राहू ना?”

त्याचा दोर सोडून तिने स्वतःच्या कमरेला बांधला. “आता तू धर.”

“मारसली, नको—”

पण ती अनवाणी उतरलीसुद्धा.

वर आली तेव्हा त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते. दोर आवळून तळवे सोलले होते.

“पुन्हा असं करशील तर… तुला काही झालं असतं तर मी…”

“कळलं ना?” तिने त्याचे तळवे हातांत घेतले. “मला तुझ्यासाठी असंच होतं रे. रोज नाही सोसवणार.”

“मग?”

“सोमवारच्या बोटीत माझ्यासाठी जागा माग. समुद्राचीही मला भीती वाटते… पण तिथे निदान आपण दोघं दोराच्या एकाच टोकाला असू.”