बुरशीचा डबा आणि बाजूची जागा

"बसा ना, जागा रिकामीच आहे," मी म्हणाले.

"नको... उभाच बरा मी." त्याने माझ्या मांडीवरच्या थर्माकोलच्या डब्याकडे पाहिलं. "काय आहे यात?"

"बुरशी."

खरं बोलायची खोड नडते मला! दर सोमवारी धुळ्याच्या दवाखान्यातून नायट्याचे नमुने आणायचे, जळगावच्या प्रयोगशाळेत ती बुरशी वाढवायची आणि पोटात घ्यायचं औषध इट्राकोनॅझोल तिला मारतं का ते बघायचं – हे माझं पीएच.डी.चं काम. ऐकून तो हसला. हसला छान, पण बसला नाही. पारोळ्याला उतरेपर्यंत एस.टी.त उभा!

पुढचे सगळे सोमवार तसेच. नाव प्रेमराज, धंदा ठिबकच्या नळ्यांचा. "काय म्हणते तुमची मंडळी?" म्हणून डब्याची खुशाली विचारायचा. पण मी शेव पुढे केली की लांबून ओंजळ धरायचा – "वरून टाका." एवढा घाबरतो डब्याला? आणि असल्या भित्र्यासाठी मी सोमवारी ठेवणीतला ड्रेस घालते? हो, घालत होते. आवडत होता तो मला... म्हणूनच राग येत होता.

एकदा दवाखान्यात नमुने घेत बसले होते. पडदा सरकवून पुढचा पेशंट आत आला. प्रेमराज! मला बघून तसाच मागे वळला.

"थांबा. बाही वर करा."

मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे. दुकानातली ट्यूब चोळून चोळून आणखीच पसरवलेले.

"म्हणून बसत नव्हता?"

"तुम्हाला झालं असतं ना..." तो खाली बघत म्हणाला. "हा हात शेवेच्या पुड्यात कसा घालू?"

माझे डोळे भरून आले. मी मात्र ठसक्यात विचारलं, "नमुना देणार?"

"तुम्ही मागाल ते देईन."

मी घाईघाईने हातमोजे चढवले!

जळगावला साध्या बशीत त्याची बुरशी कापसासारखी फुलली. औषधाच्या बशीत काही म्हणता काही उगवलं नाही. मी एकटीनेच टाळ्या पिटल्या आणि फोन लावला. डॉक्टरांनी त्याला तेच औषध दिलं होतं.

"कॅप्सूल जेवणानंतरच घेताय ना? उपाशीपोटी नीट लागू पडत नाही."

"घेतो. आई खूश आहे, पोरगा वेळेवर जेवतो म्हणून."

हात स्वच्छ झाला, डॉक्टरांनीही तसं सांगितलं, त्या सोमवारी तो एस.टी.त चढला तो थेट माझ्यापाशी आला.

"बसू?"

"विचारता काय!"

तो बसला. माझ्या मांडीवरचा डबा उचलून त्याने स्वतःच्या मांडीवर घेतला. मग खिडकीबाहेर बघत, कान लाल करून, घरच्या बोलीत हळूच म्हणाला, "आते जलमभर तुनाजोडेच बसानं शे माले..."

जन्मभर माझ्याजवळ बसायचं म्हणे! मी शेवेचा पुडा उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने हात सरळ आत घातला. माझा हात आधीच तिथे होता.

पारोळा मागे पडला. तो उतरला नाही.