मधली काच

आमच्या घरात सगळ्यात भांडकुदळ कोण, असं विचारलं तर माझा नवरा माझ्याकडे बोट दाखवतो. खरं तर तो मान फौजदाराचा. फौजदार म्हणजे आमचा सिक्लिड जातीचा मासा. पंज्याहून मोठा, कपाळावर टेंगूळ, अंगावर काळे पट्टे आणि नजर अशी, की आपणच काहीतरी चोरलंय असं वाटावं.

त्याला सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आईंनी, आणलं. शेजारच्यांनी तो बोटाएवढा असताना शोभेच्या माशांबरोबर छोट्या टाकीत सोडला होता. थोड्याच दिवसांत टाकीत तो एकटाच उरला. शेजारी त्याला तळ्यात सोडायला निघाले, तेव्हा आईंनी जिन्यातच त्यांना अडवलं. "तळ्यातल्या माशांनी तुमचं काय घोडं मारलंय?" म्हणाल्या, आणि बादली घेऊन घरी आल्या. पाळायचं तर नीट पाळावं, नाहीतर आणूच नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझे सासरे, म्हणजे बाबा, आयुष्यभर काचा कापत आले. त्यांनी बाहेरच्या खोलीची अख्खी भिंत व्यापणारी टाकी बांधली. पुढे आईंनी फौजदाराला जोडीदारीण आणली, बाईसाहेब. एकदम एकत्र सोडलं असतं तर त्याने तिला फाडलीच असती, म्हणून बाबांनी मधोमध काच बसवली. कडा सिलिकॉनने पक्क्या बंद केल्या आणि दोन्हीकडे वेगळे फिल्टर लावले. काच बसवली की तिच्या कडेवरून बोट फिरवून बघायची त्यांची सवय होती. बोट कुठे अडलं नाही की मगच मान हलवायचे.

आईंचा नियम साधा होता. दोघांना एकाच वेळी, काचेला लागून, समोरासमोर खाणं द्यायचं. आधी दोघं धडका देतात, गालफडं फुगवतात. ज्या दिवशी एकमेकांकडे बघत शांतपणे जेवतील, त्या दिवशी मधली काच काढायची. घाई केली तर जीव जातो.

तो दिवस उजाडायच्या आधी आईच गेल्या. सकाळी उठल्याच नाहीत. त्याच आठवड्यात बाईसाहेबही तळाशी आडवी झाली.

त्यानंतर बाबा जेवेनासे झाले. आई-बाबांचं तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना असं होतं. मीठ कमी-जास्त झाल्यावरून भांडायचे, पण जेवायचे समोरासमोरच. आता बाबा आपल्या खुर्चीवर बसायचे, आईंच्या रिकाम्या खुर्चीकडे हात लांबवायचे, आणि हात टेबलाच्या मध्यावर थांबायचा. बोटांची टोकं, काचेला टेकावीत तशी, एका सरळ रेषेत चपटी व्हायची. मी ते पाहिलं आणि म्हातारपण म्हणून सोडून दिलं.

"दोन घास तरी घ्या बाबा. माझ्यासाठी."

"नको सूनबाई. उतरत नाही गं."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, असंच चाललं तर फार दिवस निघणार नाहीत. नवरा कामावरून फोन करायचा तो एकच प्रश्न विचारायला, "बाबा जेवले?" मी खोटं बोलायचे. माझ्या वडिलांनी लाड केले नाहीत तेवढे या माणसाने माझे केले होते, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत विरघळत चालला होता.

फौजदारानेही अन्न सोडलं होतं. रिकाम्या भागासमोर नुसता उभा राहायचा. मग एका सकाळी मी खाण्याच्या गोळ्या टाकल्या तर तो लगेच झडप घालायला आला नाही. काचेपाशी गेला, पलीकडे बघत थांबला. कोणीतरी यायची वाट बघावी तसा. आणि मग एकेक गोळी उचलू लागला. हावरटपणा नाही, की धडक नाही.

"बघ, ती आली जेवायला," बाबा मागून म्हणाले.

"तिकडे कोणी नाही, बाबा."

"तुला पाणीच तपासायचं असतं ना? तपास मग."

मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. माणसांपेक्षा पाण्यावर माझा जास्त विश्वास. मासा खातो, घाण करतो, फिल्टरमधले जंतू त्या घाणीचं नायट्रेट करतात. नायट्रेट वाढलं म्हणजे कोणीतरी जेवतंय. रिकाम्या भागातलं पाणी मी तपासलं, आणि ते वाढलेलं होतं.

बाबा चोरून गोळ्या टाकत असणार, त्या कुजत असणार. मी त्यांना काही बोलले नाही. गोळ्यांचा डबा माझ्या पर्समध्ये ठेवायला लागले, त्या भागातली वाळू काढली, पाणी बदललं, काचेची कड शाई सोडून तपासली. शाई एका बाजूलाच राहिली. गळती नव्हती. आठवड्याने पुन्हा तपासलं, पुन्हा वाढलेलं. प्रयोगशाळेत नेऊन मोठ्या यंत्रावर टाकलं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण आकडा बघून म्हणाली, "मध्यम आकाराचा एक मासा दिसतोय. बरा जेवतोय."

मी हसले. दुसरं काय करणार?

सुट्टीच्या दिवशी बाबाच म्हणाले, "आता काच काढायला हवी." मलाही ते पटत होतं. एवढ्या मोठ्या माशाला अर्ध्या टाकीत कोंडून ठेवणं बरं नव्हतं. आई असत्या तर रागावल्या असत्या. मी सिलिकॉन कापलं, बाबांनी काच वर ओढून घेतली.

असा मासा नवी जागा दिसली की मुसंडी मारतो, दगड उलथतो, मालकी सांगतो. फौजदार हलला नाही. जिथे काच होती तिथे उभा राहिला, पर पसरले, अंग थरथरवलं. मग एक शेपूटभर मागे सरकला.

त्याने वाट दिली.

आयुष्यात कोणालाही वाट न देणाऱ्या माशाने.

दुपारी मी टाकीजवळून जाताना थांबले. त्याच्या शेपटीच्या टोकाला अर्धगोल चावा होता. लहानसा, ताजा. स्वतःच्या शेपटीला मासा चावू शकत नाही.

"प्रेमाने चावलंय," बाबा म्हणाले. "नवीन जोडी अशीच करते. तुझी सासू सांगायची."

त्या संध्याकाळी बाबा जेवले.

खरंच जेवले. मी वाढलं तेवढं सगळं, आणि वर थोडं मागून. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरून रडले. नवऱ्याला फोन केला, पहिल्यांदाच खरं सांगितलं.

मग रोजच जेवू लागले. गालांवर रंग आला. डॉक्टर म्हणाले, सुनेच्या हाताला गुण आहे. मी गावभर मिरवले.

काल त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि तिथेच उभी राहिले. बाबांनी लगेच घास घेतला नाही. समोरच्या खुर्चीकडे बघत थांबले. मग किंचित मान हलवली आणि जेवायला लागले. एकेक घास. सावकाश. डोळे समोर.

टाकीत फौजदारही खात होता. तसाच.

"बघितलंस सूनबाई?" बाबा म्हणाले. आवाजात इतकं समाधान मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "भांडण नाही, तंटा नाही. किती शांतपणे जेवतो आम्ही."

माझ्या हातातला वाढायचा चमचा तसाच राहिला. आईंचा नियम आठवला. इतके दिवस हातापाया पडून ज्यांना मी जेवायला सांगत होते, त्यांचं ताट मला ओढून घ्यावंसं वाटलं.

"बाबा," मी म्हणाले, "आज पुरे. उरलेलं उद्या जेवा ना. जरा भांडा तरी माझ्याशी. मीठ कमी आहे म्हणा."

"मीठ बरोबर आहे गं, पोरी." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

मग हात पुसला, आणि टेबलावरून बोट आईंच्या खुर्चीकडे सरकवत नेलं, काचेची कड तपासताना न्यायचे तसं. मध्यावर आलं. मी श्वास रोखून धरला.

बोट कुठेच अडलं नाही. बाबांनी मान हलवली.