अडणारे दिगंबरराव

२०६१ साली व्हिडिओ साठवून ठेवण्याचा खुळा उद्योग कुणी करत नसे. कुकरपासून पलंगापर्यंत काहीही विकणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाइकांनी स्वतः काढलेले व्हिडिओ आपल्या पानावर हवे असत. ते सांभाळून जगभर पोचवणारी पुण्यातली 'चित्रकोठार' ही संस्था त्यांचं फक्त 'चित्रबीज' ठेवी. माणसाचा चेहरा, आवाज, लकबी आणि तो काय बोलला, याचं चिमूटभर टिपण म्हणजे चित्रबीज. कुणी बटण दाबलं की त्यातून व्हिडिओ नव्याने उगवायचा, आणि बघणाऱ्याला रुचेल असाच उगवायचा. मूळ चित्रण पुसून टाकत. बी धरलं की फळ कोण जपून ठेवतं?

कुमुदिनी हेरलेकरांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. जयसिंगपूरहून एसटीने त्या थेट चित्रकोठारात येऊन थडकल्या होत्या.

"आमचे हे बदललेत," त्या म्हणाल्या.

चित्रबीजावर काम करणारी डॉ. रेवती उपळेकर गोंधळली. "हे म्हणजे?"

"आमचे यजमान. जाऊन तीन वर्षं झाली. घरघंटी घेतली तेव्हा कंपनीसाठी बोललेले, तेवढा एकच व्हिडिओ आहे. रोज बघते. पण जन्मभर अडखळत बोलले गं ते! 'ज्वारी' म्हणताना घाम फुटायचा. आता बघावं तर घडाघडा बोलतात, पुढारी असल्यासारखे. माझे मला परत दे."

रेवतीने नोंदी उघडल्या आणि तिचा चेहरा उतरला.

"काकू, काका अडले की तुम्ही व्हिडिओ पुढे सरकवत होता का?"

"हो. मी 'ज्वारी' म्हणायची आणि सरकवायची. अडतीस वर्षं तेच केलं. हे अडले की शब्द मी द्यायचा, मग हे मान हलवून पुढं बोलायचे."

"यंत्राला शब्द दिलेला कळला नाही. ही जागा तुम्हाला नकोशी आहे, एवढंच ते शिकलं. म्हणून त्याने ती काढून टाकली."

"म्हणजे मीच पुसलं," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "मूळचा कुठाय?"

"नाहीये, काकू." रेवतीला स्वतःच्या विद्येची लाज वाटली. "अडखळणं पुन्हा घालता येईल. पण ते आम्ही घातलेलं असेल."

"घाल."

दिगंबरराव पडद्यावर आले. घरघंटीवर हात ठेवून, जमिनीकडे बघत बोलू लागले. "हिच्यावर ज... ज..."

"ज्वारी," कुमुदिनीबाई सवयीने बोलून गेल्या.

दिगंबररावांनी मान वर केली. थेट त्यांच्याकडे बघून हसले, मान हलवली आणि पुढे बोलू लागले.

रेवतीने घाईने पडदा बंद केला. "काकू, हे खरं नाही. तुमचा आवाज ऐकून यंत्राने आत्ता बनवलं ते. मूळ व्हिडिओत काका असे बघत नव्हते ना?"

"छे गं. ह्यांना कॅमेऱ्याची भारी भीती. एकदासुद्धा वर बघितलं नव्हतं."

कुमुदिनीबाईंनी पदराने डोळे कोरडे केले आणि खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली.

"लाव," त्या म्हणाल्या. "पुन्हा एकदा अडकव ह्यांना."