चोर पहिल्याच चित्रात

प्रकाशनसंस्थेच्या जिन्यावर ती चढत होती, तो भरभर उतरत होता, आणि दोघांचीही नजर हातातल्या कागदांत. व्हायचं तेच झालं. तिची प्रुफं आणि त्याची चित्रं पायऱ्यांवर एक झाली.

“अहो, बघून तरी चाला!” म्हणत ती वाकली, पहिलं चित्र उचललं... आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

नाताळच्या रहस्यकथांचं पुस्तक होतं. त्याची प्रुफं तीच तपासत होती. बर्फाने वेढलेला बंगला, नाताळची मेजवानी, सजवलेल्या झाडाखालून गायब झालेला हिऱ्यांचा हार, तो शोधायला आलेला गुप्तहेर... ही शेवटची कथा तिने चवीने वाचायची म्हणून मुद्दाम राखून ठेवली होती. आणि या चित्रात सगळे हसत होते; मुलांच्या शिक्षिकाबाई तेवढ्या मान खाली घालून, घामाघूम!

“हार बाईंनी चोरला?”

“तुम्हाला... कसं कळलं?”

“शेंबडं पोरही सांगेल! चित्रकार आहात की चहाडखोर?”

“मी शेवट आधी वाचतो,” तो ओशाळला. “मग चोराला साळसूद काढायला हातच धजत नाही.”

“माझी कथा तर नासवलीत. वाचकांची मी नासवू देणार नाही. पुन्हा काढा!”

पुढच्या चित्रात बाई हसत होत्या, पण चोरून दूध प्यायलेल्या मांजरीसारख्या. त्यानंतरच्यात त्यांनी पर्सच घट्ट धरली होती. प्रत्येक वेळी ती भडकली, तो हसला, दोघांचा चहा थंड झाला. संपादकबाईंनी शेवटी बजावलं, “आज हिने चित्र पास केलं नाही, तर पुस्तक चित्रांशिवाय छापायला जाईल.” त्याचं हे पहिलंच पुस्तक होतं. ती सकाळपासून दाराकडे बघत होती, आणि त्या बघण्याचाही तिला रागच येत होता.

तो आला. तिने चित्र निरखलं. कोणाच्याच चेहऱ्यावर पाप दिसेना. मग शिक्षिकाबाईंच्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल दिसली... नाकावर घसरलेला चष्मा... चढलेल्या भुवया...

“ही मी आहे! मला चोर केलंत? आई काय म्हणेल? आणि ‘तुम्ही माझं हृदय चोरलंत’ असलं काही बोललात, तर शाई ओतीन अंगावर!”

“नाही बोलणार,” तो हळूच म्हणाला. “जिच्यावर संशय घेताच येत नाही, असा एकच चेहरा मला ठाऊक आहे. तोच काढला.”

तिने उगाच गुप्तहेरावर बोट ठेवलं. “आणि हा पाठमोरा का? आधी तर समोरून होता.”

“आता तो तिच्याकडे बघतोय ना...” तो खिडकीकडे वळला. “चेहरा काढला असता, तर सगळंच कळलं असतं.”

“वळा बघू इकडे.”

तो वळला... कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल.

“बघा!” तिने चिडूनच चित्राच्या कोपऱ्यात मंजुरीची सही ठोकली. “शेवट आधीच फोडायची तुमची खोड काही जायची नाही. आता निदान मधली गोष्ट तरी सावकाश सांगा.”