खणाला लागलेले इलेक्ट्रॉन

"काढा तो फलक!" व्यवस्थापक साहेब गरजले, आणि शिपाईकाका शिडी आणायला पळाले.

भिंगरी दचकून वळली. त्या फलकावर तिच्या आत्याचं नाव होतं! आत्या लाकडाचं कातकाम करायची, म्हणजे लाकूड यंत्रावर फिरवून गोल वस्तू घडवायची. संग्रहालयाच्या नव्या विज्ञान दालनासाठी तिने सहा महिने खपून अणूच्या दोन भल्यामोठ्या प्रतिकृती बनवल्या होत्या, एक कार्बनची आणि एक ऑक्सिजनची. मधोमध लाल आणि करड्या गोळ्यांचं अणुकेंद्र, भोवती तारेची दोन कडी, कड्यांवर निळे मणी. आज चार वाजता उद्घाटन होतं आणि ते करायला आत्याला शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाई येणार होत्या. सुट्टीच असल्यामुळे भिंगरी, खडू आणि लंबू ही तिकडी मदतीला आली होती. खडूच्या खिशात कायम खडू असायचा, आणि लंबू वर्गात सगळ्यांत बुटका होता!

"अहो ताई, मी स्वतः मोजलंय," साहेब म्हणाले. "हे निळे मणी म्हणजे इलेक्ट्रॉन ना? इथे सहा, तिथेही सहा. दोन्ही कार्बनच! ऑक्सिजनला आठ लागतात, पुस्तकात पाहून सांगतोय."

"मी आठच लावले होते. इथे आणताना दोन निघाले असतील," आत्या म्हणाली. "निघावेत असेच बसवलेत ते."

"निघावेत असे? नाचता येईना अंगण वाकडं! तीनपर्यंत हे उचला. पुढच्या मूलद्रव्यांचं कामही मी दुसऱ्याला देतोय."

साहेब जेवायला निघून गेले. आत्या मटकन स्टुलावर बसली.

"बाईंना काय तोंड दाखवू ग मी?" ती पुटपुटली. आत्याचा आवाज असा कापलेला भिंगरीने कधी ऐकला नव्हता. तिला साहेबांचा असा राग आला!

"आत्या, पण मणी निघणारे का केलेस?"

"कारण खऱ्या अणूतही बाहेरचे इलेक्ट्रॉन जातात-येतात. अणूचं नाव त्यांच्यावर ठरतच नाही! ते ठरतं केंद्रातल्या लाल गोळ्यांवर, म्हणजे प्रोटॉनवर. सहा असले तर कार्बन, आठ असले तर ऑक्सिजन. करडे ते न्यूट्रॉन. म्हणून केंद्र मी सरसाने पक्कं चिकटवलंय, आणि मणी नुसते खोचलेत."

"मग लाल मोजा की!" खडू ओरडला.

लंबू टेबलाखाली शिरला, भिंगरी स्टुलावर चढली, खडूने फरशीवर रेघा मारल्या. करडे आठ. आणि लाल... सहा!

"मेलो!" लंबू टेबलाखालूनच म्हणाला.

"दोन लाल आत दडलेत रे," आत्या म्हणाली. "पण साहेबांना ते खरं कसं वाटणार?"

भिंगरी जागच्या जागी गर्रकन फिरली. विचार करताना ती अशीच फिरायची, म्हणून तर भिंगरी! "आत्या, सगळे गोळे सारख्या वजनाचे आहेत?"

"लाल काय, करडे काय, प्रत्येक शंभर ग्रॅमचा. एकेक तोलून घेतलाय. मणी बुचाचे, त्यांचं वजन नसल्यातच जमा. खऱ्या इलेक्ट्रॉनचंही तसंच असतं."

"आणि कडी, बैठक?"

"दोन्हीकडे अगदी सारखी."

"मग वजन करू या! काटा कुठे मिळेल?"

"साहेबांच्या खोलीत आहे, पार्सलांचा," दारातून शिपाईकाका म्हणाले.

"काका, शिडी मिळाली का हो?" खडूने भीतभीतच विचारलं.

"मिळाली. पण आज माझी कंबर फार दुखते बुवा!" काकांनी डोळे मिचकावले.

झालं! दोन्ही प्रतिकृती सांभाळून काट्यापाशी नेल्या. पहिली ठेवली. दुसरी ठेवली. बरोबर चारशे ग्रॅम जास्त!

"चार गोळे जास्त!" खडूने भराभर हिशेब मांडला. "कार्बनमध्ये सहा लाल, सहा करडे, म्हणजे बारा. तर हिच्यात सोळा! दिसतात चौदा. दोन आत आहेतच!"

"काका, टॉर्च! आत्या, तुझा छोटा आरसा दे!"

भिंगरीने गोळ्यांमधल्या फटीत आरसा धरला, आत्याने प्रकाश टाकला.

"लाल! दोन्ही लाल! आठ प्रोटॉन! ऑक्सिजन!" भिंगरी अशी किंचाळली की काकांच्या हातून चष्माच पडला.

"माझ्या खोलीत हा काय धुडगूस?" साहेब दारात उभे होते. "थांबा, तुमच्या घरी कळवतो. माझी डायरी कुठंय?" त्यांनी तणतणत टेबलाचा खण ओढला. खण जागचा हलला नाही, पण त्याची मूठ मात्र त्यांच्या हातात आली. गोल, गुळगुळीत, निळी!

लंबूची नजर खणाच्या उंचीवरच होती. "साहेब," तो म्हणाला, "तुमच्या हातात इलेक्ट्रॉन आहे!"

"काय?"

"आणि दुसरा खालच्या खणाला!"

साहेबांनी हातातल्या मण्याकडे पाहिलं, मग खणावरच्या उघड्या खिळ्याकडे. "हे... काल मला जिन्यात सापडले. खणांच्या मुठी कधीच्या गेल्या होत्या. म्हटलं, आयत्याच मिळाल्या..." त्यांनी खालचाही मणी काढला आणि दोन्ही आत्याच्या हातात ठेवले.

भिंगरीने त्यांना आरशातले लाल गोळे दाखवले आणि काट्यावरचे आकडेही. साहेबांनी लाल गोळे बोटाने एकेक करून मोजले.

"ताई, चूक माझी," शेवटी ते हळूच म्हणाले. "पुढचं सगळं काम तुमचंच. आणि काका, ती शिडी परत न्या!"

दोन्ही मणी परत कड्यावर बसले, आणि चार वाजता बाई आल्या. पांढरे केस, काठी, पण नजर अजून धारदार! सगळी हकिगत ऐकून त्या पोट धरून हसल्या. मग ऑक्सिजनच्या प्रतिकृतीपाशी जाऊन त्यांनी दोन निळे मणी अलगद काढले आणि समोरच्या गर्दीला विचारलं, "आता हा अणू कशाचा?"

"कार्बनचा!" मागून चार-पाच आवाज आले. भिंगरीने तोंड उघडलं, पण तिच्याआधीच दालनात खणखणीत आवाज घुमला.

"ऑक्सिजनचाच! आत प्रोटॉन आठच आहेत!"

व्यवस्थापक साहेब होते ते! दालनात हशा पिकला आणि साहेबही त्यात सामील झाले.

बाईंनी आत्याला जवळ घेतलं. "निघणारे मणी करण्याची तुझी युक्ती फार आवडली मला," त्या म्हणाल्या. मग तिघांकडे वळल्या. "आणि तुम्ही पोरांनी तर कमाल केलीत! बाहेरून मोजून थांबला नाहीत, आत डोकावून पाहिलंत. शाब्बास!"

आत्याने डोळे पुसले आणि बाईंच्या हातातले ते दोन मणी घेऊन भिंगरीच्या तळहातावर ठेवले. "तूच लाव आता," ती म्हणाली. भिंगरीने ते एकेक करून कड्यावर खोचले.