मागची चाकं गार कशी?

"आली! डोकं खाली!" पानाने धाकट्या भावाची मान दाबली.

"अगं, माती गेली तोंडात!" शेपूट कुरकुरला.

"मग तोंड मीट!"

सुट्टीचा पहिला दिवस, आणि तिघं उतारावरच्या वळणापाशी दगडांआड पालथी पडली होती. पाना, तिच्या मागे मागे फिरणारा शेपूट, आणि खिशात कायम मोजपट्टी बाळगणारा त्यांचा मित्र फूटपट्टी. वरून गावातल्या जीप-स्टँडच्या मालकांची उंच जीप येत होती. आत डोंगर बघायला आलेले आठ पाहुणे होते आणि चालवत होता फूटपट्टीचा मोठा भाऊ. वळणावर जीपचं नाक खाली गेलं, खडी करकरली, आणि ती धुरळा उडवत पुढे गेली.

तिघं धावत रस्त्यावर आली. वळताना मागची चाकं पुढच्यांपेक्षा थोडी आतून जातात, त्यामुळे दोन्हींचे ठसे वेगळे ओळखू येत होते. पुढच्या चाकांनी खडी खरवडून काढली होती. मागच्या चाकांची नक्षी मात्र रांगोळीसारखी नीट उमटली होती.

"म्हणजे मागची चाकं नुसती फिरत होती," फूटपट्टी पुटपुटला. "ब्रेक लागलेच नाहीत त्यांना!"

पाना मागच्या ठशांपाशी उकिडवी बसली. तीन आठवड्यांपूर्वी ही जीप तिचे बाबा चालवत होते. उताराच्या तळाशी ती थांबली नाही आणि पाण्याच्या टाकीवर आदळली. पाहुण्यांचं खरचटण्यावर निभावलं, बाबांचं मनगट मोडलं. मालक स्टँडवर सगळ्यांसमोर म्हणाले, "डुलकी लागली असणार याला!" गाडी तपासून गॅरेजवाल्या मेस्त्रीकाकांनी सांगितलं, ब्रेक ठीक आहेत. बाबांची नोकरी गेली. त्या दिवसापासून स्टँडवर त्यांचं नाव पडलं टाकीफोड्या. शाळेतही ते नाव पोचलं. बाबा घराबाहेर पडेनासे झाले.

"पाय पूर्ण दाबला होता गं मी," एवढंच ते पानाला म्हणाले होते. एकदाच.

तळाशी जीप उभी होती. पाहुणे उतरून पाय मोकळे करत होते.

"दादा, हलू नकोस!" फूटपट्टीने बाटलीतून पाण्याचे चार थेंब पुढच्या चाकाच्या फटीतून आत सोडले.

छन्न! वाफ निघाली.

मग मागच्या चाकावर. थेंब ओघळले, खाली पडले, संपलं.

"मागचे ब्रेक सुट्टीवर गेलेत!" शेपूट ओरडला.

"ए, पाहुण्यांसमोर काहीतरी बरळू नका!" दादा दबक्या आवाजात म्हणाला. "परवाच मेस्त्रीकाकांनी मागच्या ब्रेकचे लायनर नवे बसवलेत. ब्रेक जरा लांबून दाबायचा. सवय होते."

"आणि पुढे अचानक कुणी आलं तर?" पानाने विचारलं. "त्यालाही सांगणार का, जरा लांबून ये म्हणून?"

दादाने पाहुण्यांना गाडीत बसायला हाक मारली.

लायनर नवे, तरी चाकं गार! अशीच जीप गावात आणखी एकच होती, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची. फरक एवढाच, की मालकांनी हंगामाच्या तोंडावर मेस्त्रीकाकांकडून आपली जीप चार इंच उंच करून घेतली होती, दगड खाली घासू नयेत म्हणून. त्यानंतर पंधरा दिवसांत अपघात झाला होता. तिघांनी आधी मालकांच्या जीपखाली डोकावून घेतलं, मग दोन्ही गाड्या ताडून बघायला बाईंचा दवाखाना गाठला.

"गाडीखाली कोण लोळतंय?" डॉक्टरीणबाई दवाखान्यातून बाहेर आल्या. "आजारी असाल तर बाहेर या. माझ्याकडची सुई म्हशीची आहे!"

तीन धुळकट चेहरे बाहेर आले. फूटपट्टीने विचारलं, "बाई, मागच्या एक्सलपासून वर एक बारीक दांडी गेलीय. तुमच्या गाडीची आडवी आहे, मालकांच्या गाडीची खाली लोंबते. ती कशाची?"

बाईंनी कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि बॉनेटवर पुस्तक पसरून समजावलं. मागे माणसं बसली की गाडीचा मागचा भाग दबतो. मग दांडी वर उचलली जाते आणि तिच्या टोकाचा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना भरपूर ऑइल सोडतो. गाडी रिकामी असली की मागचा भाग वर राहतो, दांडी खाली जाते आणि व्हॉल्व्ह ऑइल कमी करतो. नाहीतर मागची हलकी चाकं अडकून गाडी घसरेल.

"आणि गाडीच चार इंच उचलली तर?" पानाने हळूच विचारलं.

बाईंनी चष्मा काढला. "तर आठ माणसं कोंबून बसवली तरी व्हॉल्व्हला वाटणार, गाडी रिकामीच आहे, आणि मागे ऑइल जेमतेमच जाणार. गाडी उंच करण्याच्या सामानात दांडीखाली घालायचा एक तुकडा येतो. तो बसवायला हवा होता कुणीतरी."

"मेस्त्रीकाकांना सांगू या!" पाना पळतच सुटली. "त्यांना माहीतच नसणार! बाबा सुटले!"

मेस्त्रीकाका म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. ती पाच वर्षांची असताना डोळे मिटून गॅरेजमधले पाने ओळखायला त्यांनीच तिला शिकवलं होतं, आणि पाना हे नावही त्यांचंच. गॅरेजमध्ये ते नव्हते, जेवायला गेले होते. वाट बघता बघता शेपटाने सवयीने एक खण ओढला.

"ताई, हे बघ! त्याच दांडीचं चित्र!"

खणात एक न फोडलेलं पाकीट होतं. त्यावर दांडीचं चित्र, खाली लिहिलेलं 'चार इंच', आणि आत लोखंडी तुकडा. वरचे नटबोल्ट बाजूला सारून कुणीतरी ते पाकीट अगदी तळाशी सरकवलं होतं. पाकिटावर काळ्या तेलकट बोटांचे ठसे होते, ताजे.

"म्हणजे काकांना..." फूटपट्टी थांबला.

पाना टायरवर बसली. अपघातानंतर काका रोज घरी येत होते. बाबांच्या उशाशी बसून म्हणत होते, "होतं रे असं. थकवा असतो."

"काय गं पाना?" दारातून आवाज आला. काका हात पुसत आत आले. "बाबा कसाय?"

"बरे आहेत," ती म्हणाली. पाकीट तिच्या फ्रॉकच्या खिशात होतं. काकांच्या तोंडाकडे तिला बघवेना.

बाहेर आल्यावर शेपूट म्हणाला, "मालकांना दाखवू या ना पाकीट!"

"ते म्हणतील, पोरांनी कुठून तरी उचललं. सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी फूटपट्टी मालकांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"मालक, डॉक्टरीणबाई म्हणतात, त्यांची जीप तुमच्या जीपच्या आधी थांबते."

"काय?" मालकांच्या मिशा थरथरल्या. "ती शेणाने माखलेली गाडी? माझ्या जीपआधी?"

"मागे वाळूची आठ आठ पोती टाकून बघू या, असंही म्हणतात. पण जाऊ दे. तुम्ही कशाला..."

"जाऊ दे काय! आण पोती!"

तासाभरात स्टँडमागच्या मोकळ्या मैदानावर निम्मं स्टँड जमलं. डॉक्टरीणबाई हसू दाबत आपल्या गाडीत बसल्या. फूटपट्टीने चुन्याची रेघ मारली. बेताचा वेग ठेवायचा आणि रेघेवर चाक आलं की ब्रेक दाबायचा. पुढे काही नव्हतं, नुसतं मैदान.

बाईंची जीप रेघेपुढे सहा पावलांवर थांबली.

मालकांची जीप आली. रेघेवर दादाने ब्रेक दाबला. नाक खाली गेलं, पुढची चाकं खडीवर करकरली, आणि जीप तशीच पुढे जात राहिली. आठ पावलं. दहा. अकराव्या पावलावर थांबली.

गर्दी जीपच्या दिशेने सरकली.

"मालक," पाना पुढे आली. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "यालाही डुलकी लागली होती का?"

कुणीतरी फिसकन हसलं. मालक लालबुंद झाले. "मेस्त्री! हे काय आहे?"

पानाने पाकीट काढलं आणि गर्दीत उभ्या मेस्त्रीकाकांसमोर धरलं. काकांनी ते घेतलं नाही.

"घाई होती," शेवटी ते म्हणाले. "मालकांना दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हवी होती. तो तुकडा बसवायचा राहून गेला. अपघातानंतर गाडीखाली शिरलो तेव्हा दिसलं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"सांगणार होतो गं. रोज सांगायलाच यायचो तुमच्याकडे."

"मग तुकडा का नाही बसवलात?"

"बसवला असता तर सगळ्यांनी विचारलं असतं, आजच का बसवला? वाटलं, लायनर बदलून भागेल."

त्याच मैदानात जॅक लावून त्यांनी तुकडा बसवला. वेळ लागला चाळीस मिनिटं. फूटपट्टीने घड्याळ लावलं होतं. मग पोत्यांसकट जीप पुन्हा धावली आणि रेघेपुढे सहा पावलांवर थांबली. या वेळी मागच्या चाकांखालीही खडी खरवडली होती.

"शाबास!" मालकांनी फूटपट्टीची पाठ थोपटली. "काय डोकं आहे पोरांचं! मोठा अनर्थ टळला. डॉक्टरीणबाई, बघा, आमच्या स्टँडची मुलं!"

"आमची शाबासकी राहू दे," पाना म्हणाली. "बाबांची चूक नव्हती, एवढं म्हणा."

"अगं, तेच तर म्हणतोय मी."

"नाही म्हणालात."

मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. "नव्हती त्याची चूक," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "प्लास्टर निघालं की ये म्हणावं कामावर." आणि लगेच पोती उतरवायचा हुकूम द्यायला वळले.

पाना घरापर्यंत धावत गेली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मालकांचं बोलणं त्यांनी तिला पुन्हा एकदा, जसंच्या तसं सांगायला लावलं. मेस्त्रीकाकांचं सांगितलं तेव्हा मात्र ते खिडकीकडे वळले.

"कधी कळलं म्हणाला त्याला?" त्यांनी विचारलं.

"अपघातानंतर लगेच."

"हं."

संध्याकाळी बाबांनी धुतलेला शर्ट मागितला. एका हाताने बटणं लावताना त्यांना वेळ लागला, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. तीन आठवड्यांत ते पहिल्यांदाच बाहेर पडत होते. एका बाजूला पाना, मागे शेपूट. गॅरेजच्या दारात मेस्त्रीकाका उभे राहिले. "अरे, ऐक तरी..." बाबा न थांबता पुढे गेले.

स्टँडवर सगळे ड्रायव्हर उठून जवळ आले. एकाने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्याने पानाचा गाल ओढला. सगळ्यांना सगळं कळलं होतं. सगळे मनापासून खूश होते.

"वा, टाकीफोड्या!" त्यांतला सगळ्यांत म्हातारा ड्रायव्हर प्रेमाने म्हणाला. "पोरगी हुशार निघाली हं तुझी!"

पुन्हा तेच नाव! पाना गर्रकन त्याच्याकडे वळली. बाबांनी तिचा हात घट्ट धरला.

"चल," ते म्हणाले.